भिंतीतला जोड

धरणगावच्या जुन्या गल्ल्यांत धाब्याची घरं अजून तग धरून आहेत. सागाचे खांब, त्यांवर आडवे सर, वर खारी माती चोपून केलेलं धाबं आणि दोन-दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंती. वैशाखात पारा ४४-४५ अंशांवर जातो, सिमेंटच्या घरातली माणसं कूलर लावूनही तळमळतात, आणि धाब्याच्या मधल्या खोलीत मात्र दुपारची झोप लागते. या भिंतींचा एक अवगुण आहे. त्या काहीही पोटात घेतात. खुंटी ठोका, कोनाडा कोरा, पैशांचा डबा पुरा. वरून गाऱ्याचा हात फिरवला की मागमूस राहत नाही.

नानांचं घर असंच. नाना जिनिंग फॅक्टरीत मुनीम होते, आता घरीच असत. मुलगा सुरतेला, उधन्याच्या एका मिलमध्ये. खानदेशातल्या कितीतरी घरांचा पैसा ताप्ती लाइनच्या गाडीनेच येतो, तसाच यांचाही येई. मुलाने फोनवर सांगितलं, पुढची खोली पाडा, विटांची बांधा, वर स्लॅब टाका आणि आखाजीच्या आत निदान राहण्याजोगं करा. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्याकडे लेकींचा सण. सासरच्या मुली माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गौराई बसते, पितरांची घागर भरली जाते. नानांची लेक तीन वर्षांनी येणार होती, दीड वर्षाच्या पोराला घेऊन.

अडचण मीटरची होती. मीटर मधल्या खोलीत, खांबाजवळच्या भिंतीवर. शेजारीच मेन स्विच. पोलवरून येणारी केबल पुढच्या खोलीच्या वळचणीखाली भिंतीत शिरायची आणि थेट मीटरपाशी बाहेर निघायची. मधे ती कुठून कशी जाते, हे कोणी पाहिलेलं नव्हतं.

मिस्तरी पहिल्याच दिवशी म्हणाला, "नाना, मीटर काढनं पडी. भिंत पाडनी शे."

नानांनी ओळखीच्या एका वायरमनला बोलावलं. सरकारी नव्हे, गल्लीबोळात फिटिंगची कामं करणारा. त्याने वर पाहिलं, खाली पाहिलं, दोन हजार सांगितले. "अर्ज-बिर्ज कशाला करता? सील मी अलगद काढतो. संध्याकाळी पोलवरून तार सोडवतो, रात्री नव्या जागी मीटर लावून मोकळा. रीडिंगवाल्याला कळणारसुद्धा नाही."

मुलाला फोन लावला. तो म्हणाला, करून टाका, दिवस कुठे राहिलेत. नानांनाही तेच हवं होतं. "उद्या संध्याकाळी या," त्यांनी वायरमनला सांगितलं.

इथे थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आपल्यातल्या बहुतेकांना माहीत नसते. घरातला मेन स्विच बंद केला की घरातली लाईट बंद होते, पोलची नाही. पोलपासून मीटरपर्यंत आणि मीटरपासून मेनपर्यंत जी तार येते, ती मेनच्या अलीकडची. तिच्यात २३० व्होल्ट तसेच उभे असतात. ती बंद करायची तर पोलवरच करावी लागते, आणि ते काम वीज कंपनीच्या माणसाचं. घरातले दिवे गेले, पंखा थांबला, म्हणजे सगळी वीज गेली असं आपण धरून चालतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मजूर आले. संध्याकाळपर्यंत हातावर हात धरून बसायला नको म्हणून मिस्तरीने वरचा गारा उतरवायला घेतला.

"मेन बंद शे ना?"

"बंद शे," नाना म्हणाले. त्यांनी स्वतः खटका खाली ओढला होता.

चोपड्याच्या डोंगराकडून कामाला आलेला एक पोरगा, मिसरूड नुकतंच फुटलेलं, लाकडी घोडीवर उभा राहून छन्नी-हातोड्याने भिंत फोडत होता. चौथ्या-पाचव्या घावाला गारा ढासळला, पुढच्या घावाला छन्नी कशात तरी रुतली आणि डोळे दिपतील असा निळा जाळ झाला. फट्कन आवाज. पोरगा घोडीवरून मागे, मातीच्या ढिगावर. हातातली छन्नी दूर जाऊन पडली.

मिस्तरी भिंतीकडे धावला. नानांच्या बायकोने, गल्लीत सगळे तिला माय म्हणत, मागून त्याची बंडी धरून ओढली. "हात नका लावू त्या तारेला! आधी पोराला बघा!"

पोरगा शुद्धीवर होता. उजव्या हाताची बोटं भाजली होती, भुवया करपल्या होत्या, अंग थरथरत होतं. कोरडी लाकडी घोडी, पायात रबरी चपला आणि छन्नीने दोन्ही तारा एकदम चिरल्यामुळे पोलवरचा उडालेला फ्यूज, एवढ्यावर तो वाचला. छन्नी एकाच तारेत रुतली असती आणि पोरगा अनवाणी ओल्या जमिनीवर उभा असता, तर ही गोष्ट मला अशी लिहिता आली नसती.

फ्यूज उडाला तशी अर्ध्या गल्लीची लाईट गेली. माणसं बाहेर आली. एक तरुण पक्कड आणि तारेचा तुकडा घेऊन फ्यूज टाकायला निघाला. आपल्या गावांतून हे सर्रास चालतं. माय त्याच्या आडवी उभी राहिली. भिंतीतली उघडी तार तशीच लोंबत होती. फ्यूज टाकला असता तर ती पुन्हा जिवंत झाली असती, आणि खाली पोराला उचलायला चार माणसं वाकलेली होती.

पोराला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हाताला मलम लावलं, छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली आणि संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. विजेचा झटका बाहेरून फारसा दिसत नाही, पण हृदयाचा ठेका बिघडवू शकतो, म्हणून.

तोवर महावितरणचा लाईनमन आला. त्याने पोलवर चढून नानांची केबलच सोडवली, टेस्टर लावून खात्री केली आणि मग भिंतीपाशी येऊन गारा हाताने हळूहळू उकरला. आत काळी कापडी चिकटपट्टी होती. वाळून पापड झालेली. तिच्याखाली दोन वेगवेगळ्या केबली नुसत्या पिळून एकमेकींना जोडलेल्या. एक जुनी जाड, एक तिच्याहून बारीक. भिंतीत ना पाईप, ना फळी, ना काही खूण.

"हा जोड कोणी मारला?" त्याने विचारलं.

मिस्तरी मघापासून एकच बोलत होता. "पोऱ्यानीच चूक शे. त्याले सांगेल व्हतं, धीरे मार."

नाना त्या पट्टीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "पोराची चूक नाही. हा जोड माझ्या डोळ्यांसमोर मारलाय. कंदील मी धरला होता."

पस्तीस वर्षांमागे नानांच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. तेव्हा मीटर पुढच्या ओट्याच्या भिंतीवर होतं. वऱ्हाड उतरायला जागा हवी म्हणून वडिलांनी, आण्णांनी, ओटा बंदिस्त करून खोली काढली. मीटर मधे न्यायला केबल पाच-सहा हात कमी पडली. हळद तोंडावर आलेली. तेव्हाच्या एका वायरमनने रात्री तुकडा जोडला, खाच पाडून केबल भिंतीत दाबली आणि आण्णांनी स्वतःच्या हाताने वर गारा लिंपला. लग्न थाटात झालं. त्या जोडाची कोणाला पुन्हा आठवण झाली नाही. रुईच्या एकेका गाठीचा हिशेब ज्याने आयुष्यभर चुकवला नाही, त्या मुनिमाच्या कुठल्याही वहीत हा जोड नव्हता.

आण्णांना दोष देणं सोपं आहे. पण लेकीचं लग्न दारात असताना त्यांनी जे केलं, तेच नाना त्या संध्याकाळी लेकीच्या आखाजीसाठी करणार होते. त्या जोडाने आण्णांना काही केलं नाही, नानांना काही केलं नाही. आण्णांनी वाचवलेल्या चार दिवसांची किंमत एका परक्या पोराच्या बोटांनी मोजली, आणि त्या लग्नाच्या वेळी तर त्याचा बापही लहान असेल.

संध्याकाळी वायरमन ठरल्याप्रमाणे आला. झालेलं त्याला कळलं होतं, तरी तो म्हणाला, "आता तर काम सोपं झालं नाना. भिंत उघडीच आहे. जुनी केबल चांगली आहे, फक्त तुकडा बदलतो. नवी भिंत झाली की तिच्यात दाबून देतो."

"जोड कुठे येईल?"

"भिंतीतच. दिसणारसुद्धा नाही."

"म्हणूनच नको," नाना म्हणाले, आणि त्याच्या येण्या-जाण्याचे शंभर रुपये त्याच्या हातावर ठेवले.

दुसऱ्या दिवशी ते वीज बिल, घरपट्टीची पावती आणि आधार कार्ड घेऊन महावितरणच्या कचेरीत गेले. मीटर सरकवण्याचा अर्ज भरला. तिथल्या अभियंत्याने जागा पाहायला माणूस पाठवला, खर्चाचा अंदाज काढून दिला, नानांनी पैसे भरले. सील तोडून रातोरात मीटर हलवलं असतं तर काय झालं असतं, हेही तिथेच समजलं. वीज कायदा, २००३ च्या कलम १३८ प्रमाणे परवानगीशिवाय मीटर काढणं किंवा जोडणं हा गुन्हा आहे. ३ वर्षांपर्यंत कैद, १० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सील तुटलेलं दिसलं की वीजचोरीचा संशय येतो तो वेगळाच. आयुष्यात एक युनिटही न चोरलेला माणूस, आणि उत्तरं द्यायला उभा.

आता खरी परीक्षा होती. मीटर नव्या जागी लावायचं, पण ती भिंतच अजून उभी नव्हती. जुनी पाडलेली, नवीचा पाया भरलेला. भिंत उभी राहून, पाणी मारून पक्की होईतो घरात लाईट नाही. सुरतेहून मुलाचा फोन आला. आवाज चढलेला. "नाना, एवढ्या उन्हात ताई तान्हं पोर घेऊन येतेय. पंखा नको? शेजारून वायर घ्या तोवर."

शेजारच्या काकूही तेच म्हणाल्या. "आमना घरथून वायर ली ल्या ना, नाना. परकं का समजतस?"

नाना लाईनमनला विचारायला गेले. तो एका पोलखाली शिडी लावत होता. त्याने काम थांबवून सांगितलं, "काका, एकाच्या मीटरवरून दुसऱ्याच्या घराला लाईट द्यायची नाही, हा नियम आहेच. पण माझ्याकडून ऐका. मी वर चढतो तेव्हा लाईन बंद करून चढतो. तरी भीती खालून असते. कोणी इन्व्हर्टर उलटा जोडलेला असतो, कोणी जनरेटर लावतो, कोणी शेजारून वायर आणून सरळ आपल्या मेनमध्ये सोडतो. मग बंद लाईनवर करंट खालून वर येतो. आमची माणसं अशी गेली आहेत. हातमोजे असतात, बेल्ट असतो, पण शेवटी मी चढतो तो खालच्या सगळ्या घरांच्या भरवशावर."

घरी येऊन नानांनी काकूंना हात जोडले. "तुम्ना उपकार शेतस. पन मन्हामुये कोनले काही व्हवाले नको."

लेकीला त्यांनी सगळं जसंच्या तसं सांगितलं. यायचं की नाही ते तू ठरव, म्हणाले. ती आली.

ती आखाजी त्या घराने कंदिलाच्या उजेडात केली. मागच्या दोन खोल्यांवर धाबं शाबूत होतं. दिवस मावळला की माय वर पाणी शिंपडायची, गोधड्या पडायच्या आणि सगळे वरच झोपायचे. पूर्वी उन्हाळ्यात सगळं धरणगाव असंच धाब्यावर झोपायचं. दिवसा पोर घामाने चिडचिडायचं, अंगावर घामोळं उठलं, आजी ओल्या फडक्याने पुसत बसायची. एका रात्री ते इतकं रडलं की लेक म्हणाली, नाना, उद्या मी परत जाते. नाना काही बोलले नाहीत. पहाटे उठून काकूंच्या घरी गेले आणि दुपारपुरतं लेकीला व नातवाला तुमच्या पंख्याखाली झोपू द्या, म्हणाले. काकू म्हणाल्या, हे पहिल्या दिवशीच सांगायचं ना! वायर या घरात आणण्याऐवजी पोर त्या घरात नेलं, एवढा साधा मार्ग आठ दिवस कोणालाच सुचला नव्हता.

सणाच्या दिवशी नानांनी आण्णांच्या नावाची घागर भरली. वर डांगर ठेवलं, सांजोरी ठेवली, उंबऱ्यावर कुंकवाची बोटं ओढली. त्या दिवशी हाताला पट्टी असलेला तो पोरगाही पुरणपोळी आणि आमरस जेवायला पंगतीत होता. मिस्तरी त्याला घरी पाठवायला निघाला होता. नानांनी थांबवून घेतलं. हात बरा होईस्तोवर रोज चालू राहील, विटांना पाणी मारण्याचं काम करू दे, म्हणाले. तेवढा रोज ते आपल्याकडून देत होते.

नवी भिंत पक्की झाल्यावर परवानाधारक ठेकेदाराने घरातली फिटिंग तपासून दाखला दिला आणि लाईनमन केबल घेऊन आला. काम झालं ते असं. मीटर पुढच्या भिंतीवर, बाहेरच्या बाजूने, छज्ज्याखाली, उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर. पोलपासून मीटरपर्यंत एकसंध केबल, मधे कुठेही जोड नाही. ती लोखंडी तारेच्या आधारावर घेतलेली, म्हणजे वाऱ्याचा आणि वजनाचा ताण केबलवर येत नाही. भिंतीपाशी आल्यावर तिला खाली एक झोल दिला; पावसाचं पाणी त्या झोलावरून गळून जातं, पेटीत शिरत नाही. गल्लीवरून बैलगाडी, चाऱ्याचा ट्रॅक्टर जातो, म्हणून रस्त्यावरची उंची मोजून घेतली. नवा स्लॅब जुन्या धाब्याहून बराच उंच गेला होता. त्यामुळे पोलांवरची उघडी लाईन आता गच्चीच्या जवळ येते का, तेही पाहिलं. अशी तार गच्चीवरून जात असेल तर किमान २.५ मीटर वर आणि बाजूने जात असेल तर किमान १.२ मीटर लांब लागते. घर उंच करताना हे मोजणारी माणसं फार थोडी, आणि पतंगामागे धावणारी पोरं गच्चीगच्चीवर.

आत मेनजवळ ३० मिलिॲम्पिअरला तुटणारा गळती-स्विच बसवला. परसात खड्डा करून कोळसा-मीठ घालून नवं अर्थिंग केलं. उन्हाळ्यात आपली काळी जमीन भेगाळते आणि कोरड्या मातीत अर्थिंग नावापुरतं उरतं, म्हणून त्यात अधूनमधून पाणी ओतायचं काम मायने आपल्याकडे घेतलं.

मिस्तरी म्हणाला, मधल्या भिंतीतला जुन्या केबलीचा तुकडा राहू द्या, आता मेलेलाच आहे. नानांनी ऐकलं नाही. पुढे कोणाला सापडला तर त्याने तो मेलेला समजायचा की जिवंत? तो पोरगा आणि नाना, दोघांनी मिळून अख्खा तुकडा ओढून काढला. त्या जागी भिंतीला हातभर खिंडार पडलं आणि ते बुजवायला मिस्तरीचा अर्धा दिवस गेला.

प्लॅस्टर व्हायच्या आधी नानांनी वही उघडली. एकेका भिंतीचं चित्र काढलं. पाईप दारापासून किती फुटांवर वर चढतो, जमिनीपासून किती उंचीवर वळतो, कुठल्या पेटीत उतरतो, सगळं इंचाने लिहिलं. त्याची एक प्रत काचेत घालून मेन स्विचशेजारी टांगली आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: मेन बंद केला तरी मीटरची केबल चालू असते.

मुलगा दिवाळीला आला तेव्हा त्याने ती चौकट वाचली. घराची शोभा जाते, आतल्या कपाटात लावू, असं त्याला सुचवायचं होतं. पोऱ्याच्या हाताची हकीकत मायकडून पुन्हा एकदा नीट ऐकल्यावर त्याने चौकटीचा खिळा हलत होता तो ठोकून घट्ट केला.

त्यानंतर महिनाभरात समोरच्या घराची भिंत पाडायला निघाली. तोच मिस्तरी, तेच मजूर. नाना सकाळीच जाऊन उभे राहिले. मीटरची केबल भिंतीत कुठून जाते, घरमालकाला ठाऊक नव्हतं. मेन बंद केलाय ना, मग झालं, तो म्हणाला. डोंगराकडचा पोरगा छन्नी खाली ठेवून बाजूला झाला होता. पोलवरून तार सोडल्याशिवाय घाव घालणार नाही, म्हणाला. मिस्तरी चिडला. लाईनमन दुपारनंतर येणार, म्हणजे दिवस फुकट, चार माणसांचा रोज अंगावर.

"अर्धा रोज मी देतो," नाना म्हणाले आणि लाईनमनला फोन लावायला घराकडे वळले.